श्रीपती नानांच्या पोटातला पाझर

सास्तूरच्या बौद्ध वस्तीत एखादं पोर कुणाचंच ऐकेनासं झालं, की बायका म्हणतात, "नानांवर गेलंय." हे नाना म्हणजे श्रीपती नाना, गवंडी. भूकंपानंतर गाव नव्यानं बसलं, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला श्रीपती बाहेरून आलेल्या मिस्त्र्यांच्या हाताखाली माल कालवायला लागला, आणि गाव उभं राहीपर्यंत स्वतःच मिस्त्री झाला. ओल्या भिंतीवर त्यांनी आयुष्यात कधी गिलावा चढवला नाही. मालक चिडो, घाई करो, दुसरा गवंडी आणतो म्हणून धमकावो, नाना भिंतीला तळवा लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आत पानी हाय. आधी ते कुठनं येतंय बघा, मग मी हाय अन् माझी थापी हाय." या स्वभावापायी त्यांची बरीच कामं हातची गेली. पण नानांनी केलेली भिंत पुन्हा खरवडावी लागली, असं गावात कुणी सांगणार नाही.

दुसरा हट्ट दारूचा, म्हणजे दारू न पिण्याचा. पंचशीलातलं पाचवं शील बरेच जण विहारात म्हणतात आणि विहाराच्या पायऱ्या उतरता उतरता विसरतात. नाना विसरत नव्हते, आणि दुसऱ्यालाही विसरू देत नव्हते. वस्तीतल्या बायकांनी एके वर्षी हातभट्टीची भांडी फोडली, तेव्हा त्यांच्या पुढं नाना होते. त्यानंतर वस्तीनं एक रीत पाडली. लग्न ठरलेल्या मुलानं लग्नाच्या आधी विहारात उभं राहून दारूला शिवणार नाही अशी शपथ घ्यायची, आणि साक्षीला नानांनी उभं राहायचं. नाना नुसते मान हलवायचे. पण ती मान हलल्याशिवाय घरात हळद दळायला घेत नसत. बाहेरगावच्या सोयऱ्यांनाही हे माहीत झालं होतं. सास्तूरचा मुलगा म्हटलं की मुलीकडचे विचारायचे, नानांची साक्ष झाली का?

अशा माणसाला पोटाचं दुखणं लागलं, आणि तेही असलं.

सुरुवात थकव्यानं झाली. परांचीवर चढताना नाना मध्येच थांबायला लागले. घमेलं वर घेताना दम लागायचा. तळहात पांढरेफटक पडले. चुन्यासिमेंटनं पडले असतील म्हणून त्यांनी ते दहादा धुतले, तरी ते पांढरेच राहिले. संडासला काळं, डांबरासारखं चिकट व्हायला लागलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखी गोष्टच नव्हती ती.

उमरग्याला एका डॉक्टरकडे ते गेले होते. त्यानं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या आणि समोरच्या कागदावरून मान वर न करता विचारलं, "रोज किती घेता?"

"काय?"

"दारू हो. लिव्हर कडक लागतंय."

नाना उठले, चपला घातल्या आणि चालते झाले. त्या डॉक्टरनं मागून हाक मारली, तीही त्यांनी ऐकली नाही. ज्याच्या शब्दावर पोरींचे बाप लेकी देतात, त्याला कुणी तोंडावर दारू विचारावी? वाईट डॉक्टरचं वाटलं नाही, वाटलं ते एवढ्याचंच, की उद्या हा शब्द सास्तूरला पोचला तर काय. त्या दिवसापासून नानांनी 'लिव्हर' हा शब्द घरात येऊच दिला नाही. आपल्याला मूळव्याध आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. मूळव्याध हा कसा इभ्रतीचा आजार! शिक्षकाला होतो, तलाठ्याला होतो, कुणी काही म्हणत नाही. बनाबाई, म्हणजे नानांची बायको, बिचारी सुरणाची भाजी करत राहिली, ताकाचे तांबे भरत राहिली. नाना ते निमूट खात-पीत राहिले. ओल्या भिंतीवर गिलावा चढवायचा नाही म्हणणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र थापीवर थापी मारत सुटला होता.

गावातल्या दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांनी संडासला काळं होतं, असं तिथल्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं. नानांना हर्ष झाला. काळं का होतंय, याचं उत्तर आता मिळालं होतं, आणि त्यात लिव्हर कुठंच नव्हतं. आता बनाबाईलाही त्यांनी ते सांगून टाकलं.

पण बनाबाईची नजर घरातल्या सगळ्या डब्यांवर असते. एका सकाळी ती म्हणाली, "आवो, अजून काळंच व्हतंय का तुमाला?"

"गोळ्यांनी व्हतंय ते."

"गोळ्या तर तशाच हायत डब्यात. पोट धरतंय म्हणून तुमी कवाच सोडल्यात. मंग कशानं व्हतंय?"

नानांना उत्तर सुचलं नाही, म्हणून ते रागावले. पुष्कळ नवरे असंच करतात. "तू डॉक्टर हाईस का?" म्हणून ते थापी घेऊन विहाराच्या कामावर गेले. आणि तिथंच, आतल्या भिंतीचा गिलावा करताना, परांचीवरून खाली उतरता उतरता त्यांना घेरी आली. शेवटच्या बांबूवर पाय होता म्हणून बरं, नाहीतर हाड मोडून घेतलं असतं. विहारातल्या बायकांनी पाणी मारलं. नाना शुद्धीवर आले ते, "कुणी पाडलं रं मला?" असं विचारत.

अमरदीप, त्यांचा एकुलता मुलगा, धावत आला. गावात त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज आहे. ऑइलचे हात न धुताच त्यानं बापाला गाडीत घातलं आणि सरळ सोलापूर गाठलं. बनाबाई सोबत होतीच.

सोलापूरच्या त्या दवाखान्यात आधी रक्त चढवलं. मग तोंडातून नळी घालून पोट आतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिवानी नानांच्या खाटेशी आल्या. वयानं लहान, पण खुर्ची ओढून बसून बोलणाऱ्या. सगळे डॉक्टर उभ्यानं बोलतात, ही बसते, एवढ्यानंच बनाबाईला ती आवडून गेली.

"नाना, दारू घेता?" त्यांनी विचारलं.

अमरदीपनं डोळे मिटले, आता बाप उठून जाणार म्हणून. पण हाताला रक्ताची नळी लावलेली, जाणार कुठं?

"न्हाय," नाना म्हणाले. "कधीच न्हाय. इश्वास बसत नसंल तर..."

"बसला. विचारायला लागतं म्हणून विचारलं. तुम्ही काय काम करता?"

"गवंडी हाय."

"मग तुम्हाला समजेल." त्यांनी पलंगाच्या कठड्यावर बोट ठेवलं. "आतड्यातून, पानथरीतून म्हणजे प्लीहेतून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हर नरम असलं की रक्त सहज पार होतं. तुमचं लिव्हर कडक झालंय, आत गाठी धरल्यात. रक्ताला पुढं वाट मिळत नाही."

"म्हंजी तुंबलं."

"तुंबलं. त्या शिरेतला दाब वाढला. आता तो दाब मागं सरकणार. मागं काय आहे? जठर. जठराच्या आतल्या अस्तरात बारीक बारीक रक्तवाहिन्या असतात, त्या फुगतात. नळीतून आम्ही पाहिलं, तर तुमचं अस्तर सापाच्या कातीसारखं दिसतंय. खवले खवले, आणि त्यावर लाल ठिपके. जखम नाही, फोड नाही. सगळं अस्तरच झिरपतंय. रोज थोडं थोडं रक्त पोटात उतरतं, तिथं काळं पडतं आणि संडासवाटे जातं. म्हणून तुम्ही पांढरे पडलात."

नाना मग म्हणाले, "मागच्या अंगाला टाकी फुटल्यावानी. भिंत चांगली असती, पर मागनं पानी रेटतंय, मंग गिलावा घामेजतो. वरनं किती बी पुसा."

"तेच. लोहाच्या गोळ्या म्हणजे वरून पुसणं. त्या लागणारच, रक्त भरून काढायला. पण खरं औषध दाब उतरवण्याचं. एक गोळी देतेय. तिनं नाडी मंद होईल, त्या शिरेतला दाब उतरेल, पाझर कमी होईल. ती आपल्या मनानं सोडायची नाही. आणि गुडघ्यासाठी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेत होता ना तुम्ही?"

नानांनी बायकोकडे पाहिलं. बनाबाईनं सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"त्या बंद. आधीच झिरपणाऱ्या अस्तराला त्या अजून सोलतात. मीठ कमी. आणि संडासला पुन्हा काळं झालं, उलटीत रक्त आलं, तर मूळव्याध म्हणत घरी बसायचं नाही. तसंच निघून यायचं."

"लिव्हर कशानं कडक झालं पर?" हा प्रश्न नानांनी विचारला. इतक्या दिवसांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला.

"रक्त तपासलं. तुम्हाला 'ब' प्रकारची कावीळ आहे. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि लिव्हर कुरतडतो. कुठून आला, ते आता शोधून सापडणार नाही. एखादी सुई असेल, एखादा वस्तरा असेल, लहानपणीच आला असेल. एका ताटात जेवल्यानं, हात धरल्यानं तो लागत नाही. रक्तातून लागतो, नवरा-बायकोत लागतो. म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची. ज्यांना नाही त्यांना लस देता येते. ज्यांना आहे त्यांना लिव्हर कडक व्हायच्या आधीच सावरता येतं. तुम्हाला यायला उशीर झाला. त्यांना व्हायला नको."

बनाबाईनं तिथल्या तिथं दंड पुढं केला. तिच्या रक्तात विषाणू निघाला नाही. कधीतरी येऊन गेला होता, शरीरानं आपला आपण हाकलून दिला होता. अमरदीप मात्र म्हणाला, "माझं नंतर बघू. गॅरेज बंद हाय." आणि गाडी आणायच्या निमित्तानं खाली निघून गेला.

गावात नाना पोचायच्या आधी 'लिव्हर' पोचलं होतं. दवाखान्यात भेटायला गेलेल्या कुणीतरी ते आणलं, आणि लिव्हर म्हटल्यावर पुढचं लोकांनी आपापल्या घरी बसून पुरं केलं. सास्तूरमध्ये लिव्हर एकाच गोष्टीनं जातं, असं सगळ्यांचं मत आहे. दगडोबा, नानांचा लहानपणचा सोबती आणि वस्तीतला एकमेव उजळमाथ्यानं पिणारा, चहाच्या हॉटेलात मांडीवर थाप मारून हसला. "मी आपला समद्यांच्या म्होरं पितो. आन् हे बगा, आमचा श्रीपती! कवा प्याला, कुठं प्याला, बाटलीला बी कळू दिलं न्हाय!" लोक हसले. पोरंटोरं तर फारच हसली, कारण त्यांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरल्यासारखं झालं.

मग बुद्धघोष आला. विहार समितीचा सचिव, तिशीचा, सरळ मनाचा मुलगा. त्याच्याच लग्नात नाना साक्षीला उभे होते. तो दारातच घुटमळला. "नाना, मला काय वाटत न्हाय. पर समितीचं म्हननं पडलं... औंदा साक्षीला दुसरं कुणी असावं. तुमची तब्येत बी बरी न्हाय."

"तब्येतीचं बोलतूस, का दारूचं?"

नानांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्यांना दुःख झालं होतं, अगदी काळजाला घरं पडावीत असं. आयुष्यभर जपलेलं नाव एका शब्दानं गेलं, आणि तोंड उघडलं असतं तर ते एका वाक्यात परतही आलं असतं: मला दारूनं नाही, विषाणूनं झालंय. नाना ते वाक्य सांगायला उठलेही. पण अमरदीपनं दार लावून घेतलं.

"नाना, हे बाहेर बोलू नका."

"का?"

"जळकोटची सोयरिक हाय. पुढल्या महिन्यात लगीन." जळकोटच्या संघप्रियाशी त्याचं लग्न ठरलं होतं. पोरगी शिकलेली, पतसंस्थेत कामाला, आणि अमरदीपचा जीव तिच्यावर किती होता, हे गॅरेजच्या भिंतींनाही माहीत होतं. "त्यांला कळलं की बापाच्या रक्तात रोग हाय, मंग पोराच्या बी असंल, असं म्हनत्याल. सोयरिक मोडंल."

"असंल तर असंल. तपासून घे. मंग काय ते बघू."

"म्या तपासनार न्हाय."

"आमऱ्या..."

"नाना, ऐका. लोक दारू म्हनत्यात, म्हनू द्या की! दारू लोकांना कळती. बापानं दारू पिली म्हणून कुणाची सोयरिक मोडत न्हाय. पर हे रक्तातलं, नवरा-बायकोतलं म्हनलं, की लोक कुठल्या कुठं नेत्यात. आईबद्दल बोलत्याल, तुमच्याबद्दल बोलत्याल." तो दाराला पाठ लावून उभा राहिला. "माझ्यासाठी एवढं सोसा. हात जोडतो."

नानांनी मुलाकडे पाहिलं. राग यायला हवा होता, आला नाही. पोराची भीती खरी होती. आपण उमरग्याहून चपला घालून निघालो, तेव्हा आपल्याला वाटलेली भीती याहून वेगळी कुठं होती? आपण नावासाठी गप्प बसलो आणि पोटात रक्त झिरपत राहिलं. आता हा लग्नासाठी गप्प बसणार, आणि याच्या आत काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही. वर ते त्या पोरीलाही लागेल.

"दारूचं नाव मी सोसंन," नाना शेवटी म्हणाले. "गावानं माझ्या तोंडावर थुकलं तरी सोसंन. पर त्या पोरीला न सांगता तिला घरात आनन्याचं मला सोसनार न्हाय."

"मंग मोडा माझं लगीन!" अमरदीप दार आपटून गेला.

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. बनाबाईनं भाकरी पुढं ठेवली, झाकली, पुन्हा गरम केली. ती एवढंच म्हणाली, "पोरगं एकच हाय आपल्याला." नानांनी मान हलवली. एकच होतं म्हणूनच तर.

सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, नाडी मंद करणारी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि बसस्टँडकडे निघाले. अंगात ताकद नव्हती. स्टँडपर्यंत जाताना त्यांना वाटेत एका बैलगाडीच्या धुरेला टेकावं लागलं. मधे बस बदलायची होती. दुसऱ्या बसच्या पायऱ्या चढताना कंडक्टरनं दंड धरला. एरवी नानांनी झिडकारला असता, त्या दिवशी धरू दिला.

जळकोटात महामार्गापासून आत संघप्रियाचं घर. तिचे वडील, कृष्णराज, शाळेत शिपाई होते. व्याही अचानक आले म्हटल्यावर त्यांनी गडबडीनं खुर्ची पुसली. चहा आला. नानांनी कप हातात घेतलाच नाही. परांचीवर बोलावं तसं सरळ, एकामागून एक, त्यांनी सगळं सांगितलं. लिव्हर, दाब, जठराचं पाझरणं, रक्तातला विषाणू, आणि मुलानं तपासणी केली नाही हेही. स्वतःला वाचवणारं एकही वाक्य त्यांनी घातलं नाही.

कृष्णराज ऐकता ऐकता लाल झाले. "आन् हे तुमी आता सांगता? पत्रिका छापायला टाकल्या आमी! आमी तुमच्या नावावर पोरगी दिली, नाना. नावावर!"

"व्हय. म्हणूनच आलो."

"मोडली म्हना सोयरिक. ऱ्हाऊ द्या."

नाना उठू लागले. तेवढ्यात आतून संघप्रिया बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. चेहरा उतरला होता, पण पाऊल ठाम होतं.

"नाना, एक विचारू? लस घेतली तर मला लागणार नाही का?"

"डॉक्टरीन बाई तसं म्हनल्या. तीनदा घ्यायची असती. समदी व्हायला काही महिने जात्यात."

"आणि त्यांना असलं तर? अमरदीपना?"

"वेळंवर कळलं तर लिव्हर वाचतं. माझ्यावानी व्हनार न्हाय. न कळलं तर..." नानांनी आपला पांढरा तळवा उलटा करून तिच्यासमोर धरला. "तर हे असं."

संघप्रिया त्या तळव्याकडे पाहत राहिली. मग तिनं वडिलांकडे वळून म्हटलं, "आण्णा, मला ज्यांनी फसवलं नाही त्यांच्यावर तुम्ही कशाला ओरडता?" आणि फोन काढून तिनं तिथंच, दोघांच्या देखत, अमरदीपला लावला. फोनचा आवाज मोठा केला.

"नाना आमच्याकडं आलेत," ती म्हणाली. पलीकडून हुंदका ऐकू आला. "मला सगळं सांगितलं त्यांनी. हे तुम्ही सांगायला हवं होतं."

"संघप्रिया, मी..."

"रडू नका. उद्या सोलापूरला या. मी एसटी स्टँडवर थांबते. तुमची तपासणी होईल आणि माझीही होईल. तुम्हाला असलं तरी लग्न मी मोडणार नाही, लस पुरी होईपर्यंत पुढं ढकलू. पण तपासणी न करता आलात, तर मात्र आपलं जमणार नाही." तिनं फोन ठेवला आणि पदराच्या टोकानं डोळे टिपले. तिच्या आवाजात जे कणखर होतं ते फोन बंद होईपर्यंतच टिकलं. कृष्णराज तिच्याजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. नानांना वाटलं, आपल्याला मुलगी असती तर ती अशी असावी.

दुसऱ्या दिवशी सोलापुरात अमरदीप आला. उशिरा आला, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, पण आला. नाना जळकोटलाच मुक्कामाला होते, ते संघप्रिया आणि कृष्णराजांबरोबर आले. डॉक्टर शिवानींनी दोघांचंही रक्त घेतलं. संघप्रियाच्या रक्तात काही निघालं नाही. अमरदीपच्या रक्तात विषाणू निघाला.

ते ऐकल्यावर तो बाकड्यावर खाली बसला. डॉक्टरांनी लिव्हरची तपासणी करून घेतली आणि मग त्याला समजावून सांगितलं. लिव्हर अजून नरम आहे, दाब कुठंही वाढलेला नाही, पोटातलं अस्तर शाबूत आहे. दर काही महिन्यांनी यायचं, वेळ आली की गोळ्या सुरू करायच्या. असं वेळेवर सापडणं हेच नशीब, असंही त्या म्हणाल्या. अमरदीपला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तो फक्त शेजारच्या खोलीच्या दाराकडे पाहत होता. तिथं संघप्रिया बाही वर करून बसली होती आणि नर्स तिला लस टोचत होती. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हसली नाही, पण नजर काढूनही घेतली नाही. अमरदीप ओंजळीत तोंड घालून रडला. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रडणं थांबेपर्यंत तो तिथून हलवला नाही.

परतीच्या बसमध्ये बापलेक शेजारी बसले. नाना खिडकीला डोकं टेकून होते. त्यांनी मनाशी हिशेब मिटवला होता. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं, पोरगी वाचली, पोराला वेळ मिळाला. आता पोराचा आजार गावात उघडा पडू नये, आपल्याला गावानं काय म्हणायचं ते म्हणावं. दारुड्या म्हणून मेलो तरी चालेल, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर जीव हलकाही झाला. फक्त थोडं दुखलं. खोटं कशाला सांगा, बरंच दुखलं.

सास्तूरला बस थांबली. स्टँडवरच्या हॉटेलात दुपारच्या चहाला गर्दी होती. दगडोबा बाहेरच्या बाकड्यावर पाय पसरून बसला होता, अंगात त्याचं रोजचं औषध गेलेलं. बुद्धघोषही होता, समितीतली आणखी काही माणसंही.

"आलं का श्रीपती!" दगडोबा ओरडला. "कशी हाय रं सोलापुरातली? आपल्या हातभट्टीची सर हाय का न्हाय?"

हशा पिकला. नानांनी खाली पाहिलं आणि चालायला लागले. हे असंच होणार होतं, आणि सोसायचं ठरलं होतं.

अमरदीप चालला नाही. तो हॉटेलासमोर उभा राहिला. त्यानं हात पँटच्या खिशात घातले, आणि मग पुन्हा बाहेर काढले.

"काका," तो म्हणाला, "माझ्या नानांनी दारूचा थेंब घेतला न्हाय. त्यांच्या रक्तात काविळीचा विषाणू हाय. त्येनं लिव्हर गेलं, लिव्हरचा दाब पोटावर आला, पोटातनं रक्त झिरपत ऱ्हायलं. हे मला ठावं हुतं. माझं लगीन मोडू नये म्हणून म्याच त्यांला गप बसवलं. तुमी त्यांला दारुड्या म्हनत हुता, आन् म्या ऐकून घेत हुतो." मग तो समितीच्या माणसांकडे वळला. "त्यो विषाणू माझ्यात बी हाय. आजच सापडला. वस्तीतल्या कुणात बी असंल. सुईतनं, वस्तऱ्यातनं येतो, आन् गप बसतो. समद्यांनी तपासून घ्या. मला कोन काय म्हनायचं ते म्हना."

हॉटेलवाल्याच्या हातातलं भगुणं तसंच राहिलं. हसणाऱ्यांपैकी कुणालाच आपलं हसू कुठं ठेवावं ते कळेना. बुद्धघोष उठला, पुढं जाऊन थांबलेल्या नानांपाशी आला आणि त्यानं हात जोडले. दगडोबानं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. "आरं पोरा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा वाटला, "एवढं मोठं काळीज कुनाचं रं तुझं?"

अमरदीप बापाजवळ गेला, त्यांच्या हातातली औषधांची पिशवी आपल्या हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला. नाना त्याच्या आधारानं घराकडे चालू लागले. डोळ्यांतून पाणी घळघळ वाहत होतं, आणि सगळा चौक पाहत असूनही त्यांनी ते पुसलं नाही.